शेवटच्या भागातली चूक

पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि नेमके त्याच वेळी समोरच्या दारातून मुजावर मास्तर आत आले. त्यांच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात टेस्टर.

"कुठाय पेशंट?" ते म्हणाले. मग सोफ्यावर ओळीने बसलेली तीन अनोळखी माणसं, माझ्या अंगावरची आईची नारायणपेठी आणि हातातला ट्रे बघून ते थबकले. "अरे! पाहुणे आहेत वाटतं."

आईचा चेहरा पडला. तिने फार डोकं लढवून आजची वेळ ठरवली होती. रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर 'जुना फोटो' ही मालिका लागायची आणि कराडातली आमची अख्खी इमारत त्या वेळी टीव्हीसमोर असायची. म्हणजे मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांकडे डोकवायला जिन्यात कोणी येणार नाही, असा तिचा हिशेब. फक्त अख्खी इमारत ज्या टीव्हीसमोर बसायची तो आमचाच होता. म्हणून तिने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आमचा टीव्ही बिघडलाय. टीव्हीवर भरतकामाचं झाकण टाकलं, वर फुलदाणी ठेवली. पण वरच्या मजल्यावरचे मुजावर मास्तर, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवणारे, हे असं काही ऐकून स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते.

"मास्तर, आज राहू द्या," आई कशीबशी म्हणाली.

"राहू द्या काय वहिनी, आज शेवटचा भाग आहे!" मास्तरांनी फुलदाणी उचलून माझ्या वडिलांच्या, बापूंच्या हातात दिली, झाकण दूर केलं आणि सहज म्हणून बटण दाबलं. टीव्ही लख्ख सुरू झाला. पडद्यावर साबणाची जाहिरात नाचायला लागली. मास्तर स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. "याला तर काहीच झालेलं नाही."

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले, कारण मला हसू फुटत होतं आणि मला त्या दिवशी तोंड उघडायला बंदी होती.

बंदीचं कारण सांगायला हवं. याआधी चार ठिकाणांहून नकार आला होता आणि चारही ठिकाणांचा निरोप एकच होता: मुलगी फार बोलते. शेवटच्या खेपेला तर मुलाचे मामा म्हणाले, महाबळेश्वरात पाच नद्या उगम पावतात, त्यातली एक गोदावरी. मी म्हटलं, मामा, गोदावरी त्र्यंबकेश्वरला, ही गायत्री. झालं. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. या वेळी मिरजेच्या औंधकरांचं स्थळ आलं, मुलगा दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत, घर स्वतःचं, तेव्हा तिने मला देवासमोर उभं करून बजावलं होतं, "वैजू, तोंड उघडायचं ते नाव सांगायला. बाकी मान हलव."

मीही कबूल केलं होतं. चार नकार पचवणं सोपं नसतं. बापू माझ्याकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे, ते मला सोसत नव्हतं. आपल्या बोलण्यातच काही खोट असेल, असं मला खरंच वाटायला लागलं होतं. तसं असेल तर गप्प राहायला शिकू, जन्मभर राहू, असं मी रात्री उशीत तोंड खुपसून ठरवलं होतं.

तर टीव्ही सुरू, आई लाल, मास्तर चकित. आणि सोफ्यावरून आवाज आला, "दहाला किती कमी आहेत हो?"

बोलल्या त्या मुलाच्या आई, इंदुमतीबाई. आल्यापासून त्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला यजमान भालचंद्रराव, दुसऱ्या बाजूला मुलगा श्रीरंग. तिघांनी मिळून आतापर्यंत "हो", "नको" आणि "एस. टी. वेळेवर होती" एवढंच काय ते उच्चारलं होतं.

"पाच," मास्तर म्हणाले. "तुम्ही बघता?"

"एक भाग चुकवलेला नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "आज चुकणार म्हणून जीव नुसता खालीवर होत होता. बघायचं का? म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

वरपक्षाला हरकत नसेल तर वधूपक्षाला कुठली? मास्तरांनी जमिनीवर बैठक मारली, आईने त्यांच्याही हातात बशी दिली, आणि माझ्या आयुष्यातला पाचवा कांदेपोह्यांचा कार्यक्रम टीव्हीकडे तोंड करून सुरू झाला. मला कोणी नावसुद्धा विचारलं नाही.

ती मालिका आता कोणाला आठवत नाही. एक जुना फोटो स्टुडिओ असतो. तिथे आपला एखादा जुना फोटो घेऊन जायचं आणि त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घालायचं. मग फोटो ज्या दिवशी काढला त्या दिवसात माणूस जाऊन पोहोचतो. फ्लॅश उडाला की परत. दर भागात नवं माणूस. मागच्या भागातला एकजण आपल्या भावाला विहिरीत उतरण्यापासून अडवून आला होता, आणि परतल्यावर बघतो तर तो बुडून मेलेला भाऊ टक्कल पडलेल्या अवस्थेत ओट्यावर चहा पीत बसलेला. तो भाग संपल्यावर आमच्या खोलीत टाळ्या पडल्या होत्या.

शेवटच्या भागात पन्नाशीची सरोजिनी नावाची बाई होती. तिचा फोटो होता तो लग्नासाठी स्थळांना पाठवायला काढलेला. ती मागे जाते तर स्टुडिओत विशीतली सरोजिनी वेणीत गजरा माळून स्टुलावर बसलेली. बाई तिला बाजूला घेते आणि सांगते, हा फोटो पाठवू नकोस, त्या घरी जाऊ नकोस. मुलगी ऐकते, मान डोलावते, पदराने डोळे पुसते. फ्लॅश उडतो. बाई परत येते. आणि घर तेच. तीच खुर्ची, तोच पेपर उघडून बसलेला नवरा. बाई स्वयंपाकघरात जाते, चहाचं आधण ठेवते, आणि पडद्यावर नावांच्या पाट्या सरकायला लागतात.

मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि मांडीवर थाप मारली. "घोटाळा आहे! मोठा घोटाळा आहे!"

"तो एस. टी. डी.चा पिवळा बोर्ड ना?" बापू म्हणाले. पाहुण्यांसमोर इतका वेळ अवघडून बसलेले बापू एकदम सैल झाले होते. "स्टुडिओच्या खिडकीतून दिसत होता. तीस वर्षांपूर्वी कुठले आले एस. टी. डी. बूथ?"

"बोर्डाचं सोडा हो. मुद्दा बघा. समजा तिने मुलीला पटवलं. मुलीने फोटो काढलाच नाही. मग ही बाई गेली कोणत्या फोटोतून? फोटो नाही तर जाणं नाही, जाणं नाही तर सांगणं नाही, सांगणं नाही तर फोटो आहे! शेपटी तोंडात धरलेला साप झाला हा."

"फोटो काढला असेल, पाठवला नसेल," मी म्हटलं.

आईने डोळे वटारले. मी जीभ चावली. पण बांध फुटला तो फुटलाच.

"खरी चूक वेगळीच आहे, मास्तर," मी म्हटलं. "मागच्या भागात भूतकाळ बदलला. भाऊ जिवंत झाला. म्हणजे बदलतो, असा नियम ठरला. मग आज का नाही बदलला? एका भागात एक नियम आणि दुसऱ्यात दुसरा, हे चालत नाही. लेखक शेवटी कंटाळला, दुसरं काही नाही."

"चूक नाही ती," इंदुमतीबाई म्हणाल्या.

आवाज हळू होता पण ठाम. मी वळून बघितलं. त्या सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसल्या होत्या.

"आहे, काकू. चूकच आहे."

"नाही. त्या मुलीने ऐकलं नाही, एवढंच."

"ऐकलं नाही कसं? मान डोलावली तिने! डोळे पुसले!"

"मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे. विशीतल्या मुलीला पन्नाशीच्या बाईने काही सांगितलं तर ती मानच डोलावते. आणि मग जे करायचं तेच करते."

"मग त्या भावाने बरं ऐकलं? तोही विशीतलाच होता."

"त्याला काय सांगायचं होतं? विहिरीत उतरू नकोस. नाही उतरला, संपलं. पोरीला फोटो पाठवू नकोस सांगून काय उपयोग? फोटो ती कुठे पाठवते? तिचा बाप पाठवतो."

बापूंना ठसका लागला. हे स्थळ आणताना माझा फोटो त्यांनीच मिरजेला पाठवला होता.

"मग चूक आहेच!" मी म्हटलं. "त्या बाईने मुलीला कशाला, तिच्या बापाला गाठायला हवं होतं. इतक्या वर्षांमागे जायचं आणि चुकीच्या माणसाशी बोलून यायचं, हा काय शहाणपणा?"

मास्तर खदखदून हसले. इंदुमतीबाई हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या की बापाने मुळीच ऐकलं नसतं. मी म्हटलं, प्रयत्न तरी करायचा. त्या म्हणाल्या, फ्लॅश उडेपर्यंत वेळ किती होता ते बघ. मी म्हटलं, वेळ होता, पण बाई अर्धा वेळ गजऱ्याचं कौतुक करत बसली. पंधरा-वीस मिनिटं आम्ही अशा जुंपलो, की मध्ये मास्तरांना शिरायला फट मिळेना. श्रीरंग पोह्यांची बशी हातात धरून कधी आपल्या आईकडे, कधी माझ्याकडे बघत होता. भालचंद्रराव बंद टीव्हीकडे बघत होते. माझ्या आईने कपाळाला हात लावला होता.

"वैजू," शेवटी ती म्हणाली, "कपबश्या आत ने." कपबश्या हे निमित्त होतं.

मी मुकाट्याने उठले. स्वयंपाकघरात मोरीपाशी उभी राहिले तेव्हा माझे कान तापले होते. गेलं हेही स्थळ, असं मनाशी म्हटलं. वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर इतकी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती. दोन्ही एकदम वाटत होतं.

मागे पावलं वाजली. हातात रिकाम्या बश्या घेऊन इंदुमतीबाई आत आल्या.

"अहो काकू, तुम्ही कशाला—"

"असू दे." त्यांनी बश्या ठेवल्या आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. "ऐक. मला वेळ थोडा आहे. माझ्या मुलाला नाही म्हणून कळव."

मला आधी वाटलं, त्या रागावल्या. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता.

"तो वाईट नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याचे वडीलही वाईट नाहीत. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला नाही. पण आवाजच नाही ना त्या घरात! सकाळी जातात, संध्याकाळी येतात, पेपर उघडतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्यासारखीच होते. माहेरी अजून कपाटात वक्तृत्व स्पर्धेतली माझी ढाल आहे. पहिल्या वर्षी मी बोलायचे. दुसऱ्या वर्षी स्वतःशीच बोलायला लागले. मग म्हटलं, वेडी म्हणतील, गप्प बसावं. आता ती मालिका लागते तेव्हा तेवढं टीव्हीशी बोलते. आज तुझ्याशी भांडले आणि मला आठवलं, मी कशी होते ते. तुझं तसं नको व्हायला. तू बोलक्या घरी जा."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान डोलावली.

"डोलावू नकोस नुसती," त्या म्हणाल्या. "ऐक."

तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली. मुलामुलीला दोन शब्द बोलू द्यावं, वैजू, गच्ची दाखव त्यांना. रीत होती म्हणून. आशा कोणालाच नव्हती.

गच्चीवर कोणाच्या तरी कुरडया वाळत घातल्या होत्या. श्रीरंग पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला आणि टाकीकडे बघत राहिला. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला पेन. मी वाट बघितली. मग आणखी बघितली.

"आईने सांगितलं ना, नाही म्हणा म्हणून?" तो अचानक म्हणाला.

मी दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या आधी दोघींना सांगितलं तिने. दोघींकडून नकार आला. तिला वाटतं, मला माहीत नाही."

"आणि तुम्ही तिला थांबवलं नाही?"

"खोटं सांगत असती तर थांबवलं असतं," तो म्हणाला. "खरं सांगते ती. आमच्याकडे कोणी बोलत नाही. मला जमत नाही. बाबांनाही नाही. दिवसभर मनात येतं, हे घरी सांगू, आणि घरी आलो की वाटतं, यात सांगण्यासारखं काय आहे?"

एवढं बोलून त्याने श्वास घेतला. बहुधा वर्षाचा कोटा संपला होता. पण तो पुन्हा बोलला. "तुमचं पटलं मला. मागच्या भागातला नियम मोडायला नको होता."

"तुम्ही बघता?"

"ऐकतो. आतल्या खोलीतून. आई बोलत असते ना, हिने असं करायला नको होतं, याचं हे चुकलं. मालिकेपेक्षा तिचं बोलणं चांगलं असतं. रविवारी मी कुठे जात नाही त्या वेळी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "मग बाहेर येऊन बसा की तिच्याशेजारी! सांगा तिला, की ऐकतो म्हणून!"

तो गोंधळला. "सांगितलं तर ती बोलायची थांबेल ना. संकोचेल. म्हणून मी पायसुद्धा वाजवत नाही."

मला त्याच्या डोक्यावर कुरडई फोडावीशी वाटली. ती बाई बाहेर भिंतीशी बोलतेय आणि हा पलीकडे श्वास रोखून बसलाय, तिचं बोलणं बंद पडू नये म्हणून! असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. आणि चूक असली तरी तिच्यात माया होती, ते मला तिथे टाकीपाशी उभ्या उभ्या दिसलं. चार घरच्या माणसांनी माझं बोलणं जास्त झालं म्हणून मला नाकारलं होतं. हा माणूस दर रविवारी बोलणं ऐकायला घरी थांबत होता.

"तुम्ही पोहे खाल्लेच नाहीत," मी म्हटलं. "मघाशी बशी भरलेलीच होती."

"विसरलो," तो म्हणाला. "तुम्ही दोघी बोलत होतात."

आम्ही खाली आलो तेव्हा पाहुणे निघायच्या बेतात होते. इंदुमतीबाईंच्या कपाळाला आईने हळदकुंकू लावलं होतं, त्या पुन्हा खाली मान घालून उभ्या होत्या. मास्तर अजून बसलेलेच होते आणि कागदाच्या चिटोऱ्यावर बाणांचं वर्तुळ काढत होते.

"मास्तर," मी म्हटलं, "भागात चूक नाही."

"आं? मघाशी तर तूच म्हणत होतीस आहे म्हणून."

"मघाशी कळलं नव्हतं. त्या मुलीने ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. आणि बापाचं म्हणाल तर... बापू, मी नको म्हटलं असतं तर तुम्ही माझा फोटो पाठवला असता?"

"माझी काय टाप आहे!" बापू म्हणाले.

"मग का पाठवला तिने?" इंदुमतीबाईंनी विचारलं. त्यांनी मान वर केली होती. त्या मालिकेबद्दल विचारत नव्हत्या, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिसऱ्याला, दारापाशी उभं राहून बूट घालणाऱ्याला, अंदाज असावा.

"कारण सांगायला आलेली बाई तिला आवडली," मी म्हटलं. "फार आवडली. ती बाई म्हणते, त्या घरात राहून मी गप्प झाले. पण गप्प झालेली बाई इतक्या लांबून कोणाला वाचवायला येत नाही. मुलीला वाटलं, त्या घरात राहूनही माणूस असं उरत असेल, तर तिथे जायला काय हरकत आहे? आणि दुसरं म्हणजे, ती बाई तिथे एकटी होती म्हणून तिचं बोलणं आटलं. आता दोघी असतील."

"दोघी कुठल्या?" मास्तर म्हणाले. "एकच आहे ना ती? तरुणपणी आणि म्हातारपणी?"

"तेवढी एक चूक राहिली, मास्तर."

इंदुमतीबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी जवळ येऊन माझं मनगट धरलं. "मी सांगायचं ते सांगितलं हं. उद्या मला बोल लावायचा नाही."

"लावणार," मी म्हटलं. "रोज लावणार."

त्या हसल्या. मोकळं, मोठ्याने हसल्या. आई माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती, तिला कशाचाच पत्ता नव्हता.

बापूंनी दाराशी जाऊन भालचंद्ररावांपुढे हात जोडले. "काही कमीजास्त झालं असेल तर... मग कळवा तुमचं."

भालचंद्ररावांनी एका पायात चप्पल घातली. मग दुसरी घालायची ती तशीच ठेवून ते मास्तरांकडे वळले. सकाळपासून त्या माणसाने आपणहून एक शब्द काढला नव्हता.

"पेपर उलटा होता," ते म्हणाले.

"काय?" मास्तर म्हणाले.

"शेवटी. तो नवरा बसलेला असतो ना खुर्चीत. त्याने पेपर उलटा धरला होता."

मास्तर ताडकन उठले. "उलटा? म्हणजे तो वाचत नव्हता?"

"नव्हता."

"मग काय करत होता?"

भालचंद्ररावांनी बराच विचार केला. एवढा वेळ लागला की बापूंनी जोडलेले हात सोडले.

"ती परत येते की नाही, ते ऐकत असेल," ते म्हणाले. "दाराचा आवाज."

श्रीरंग बुटाची नाडी बांधता बांधता थांबला होता. इंदुमतीबाई आपल्या नवऱ्याकडे बघत होत्या, पहिल्यांदाच भेटत असल्यासारख्या.

"मला नाही दिसला तो पेपर," त्या म्हणाल्या. "तीनदा तर दाखवला त्याला. मला कसा नाही दिसला?"

"तू तिच्याकडे बघत होतीस," भालचंद्रराव म्हणाले आणि दुसरी चप्पल घातली.

आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलो. खाली रस्त्यावर ते दोघं स्टँडकडे चालले होते. इंदुमतीबाई बोलत होत्या, हातवारे करून बोलत होत्या. त्यांचं पाऊल पुढे पडायचं, ते मागे राहायचे, मग त्या थांबायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. मध्येच भालचंद्ररावांनीही हात हलवून काहीतरी सांगितलं. श्रीरंग त्यांच्या मागून येत होता, पाय न वाजवता.

"वादच चाललाय त्यांचा," आई रडवेली होऊन म्हणाली. "तुझ्यापायी नवरा-बायकोत भांडण लागलं. आता कसला येतोय होकार! बसा निरोपाची वाट बघत."

"त्या घरातून निरोप यायला वर्ष लागेल," मी बापूंना म्हटलं. "सायकल काढा आणि स्टँडवर जा. एस. टी. सुटायच्या आत माझा होकार सांगून या."